तीन मात्रांचं घर

चाकणच्या त्या कंपनीत गाण्यालाही क्वालिटी लागते, म्हणून सांस्कृतिक समितीचं अध्यक्षपद क्वालिटी विभागाच्या सोपानरावांकडे होतं. ट्रम्पेट आणि शिफ्टचा भोंगा यांतला फरक त्यांना सांगता येई. समितीतल्या इतरांची तेवढीही तयारी नव्हती.

प्रेस शॉपमधला धम्मपाल निवृत्त होणार होता. रहाटणीत गाण्याची पार्टी चालवताना त्याने बांधलेलं गाणं निरोपसमारंभात तो गाणार आणि कंपनीचा बँड साथ करणार, असं ठरलं. स्वरलिपी लिहायचं काम त्याच्या मुलीकडे, डिझाइनमधल्या मैत्रीकडे आलं.

मैत्रीने लॅपटॉपवर चार-चार मात्रांची घरं आखून स्वर भरायला घेतले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी गाडं अडलं. तिथे धम्मपाल एक मात्रा गिळून पुढची ओळ धरतो. कोरसला श्वास घ्यायला सवड मिळत नाही आणि गाणं उसळी मारतं. सॉफ्टवेअरने मात्र ती मात्रा विश्रांती म्हणून गुपचूप भरून टाकली. मैत्रीने त्या एका घराचं माप तीन केलं, पुढे पुन्हा चार. ढोलकीच्या लांब-आखूड झुलण्यासाठी वर स्विंगची खूण टाकली. वाजवून पाहिलं, तर बापच गातोय. फक्त खोकला नव्हता.

कागद बघून सोपानराव गंभीर झाले. तपासायचं माप बदलून माल पास करणं, हे कारखान्यातलं महापाप.

"पार्ट बसेना म्हणून गेज बदललंस?"

"सर, पार्ट माझ्या जन्माआधीपासून चालतोय. ड्रॉइंग आज निघतंय."

सोपानरावांनी मोठ्या मनाने एका कार्यक्रमापुरती सवलत देऊ केली. सवलत बिघडलेल्या मालाला देतात, असं म्हणून मैत्रीने ती नाकारली. मग त्यांनी दुसऱ्याकडून सगळं गाणं सरळ चारात करून घेतलं. झुलणंही काढलं. धम्मपालने उलट मुलीलाच समजावलं: चार तर चार, गाणं वाजतंय हे काय कमी.

तालमीत त्याने सवयीने पुढची ओळ धरली आणि बँड एक मात्रा मागे राहिला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सोपानराव मायेने म्हणाले, "धम्मपाल, जरा घरून प्रॅक्टिस करून येत जा."

स्वतःच्या गाण्यात चुकलेल्या धम्मपालने मान खाली घालून सॉरी म्हटलं.

मैत्री उठली. प्रत्येक स्टँडवरचे कागद काढून तिने आपले ठेवले. सोपानरावांनी मंजुरीचं विचारलं.

"मंजुरी नाही. हे वाजेल, नाहीतर गाणं रद्द करा. आणि का रद्द केलं, ते उद्या माइकवर तुम्हीच सांगा."

ट्रम्पेटवाला गणराज कागदावरून नजर फिरवत म्हणाला, "हे होय. मग मघापासून आम्ही काय वाजवत होतो, राव?"

माइकवर कारण सांगायची सोपानरावांची तयारी नव्हती. गाणं कार्यक्रमात कायम राहिलं, तेही मैत्रीच्याच कागदांवरून.

समारंभात ते पहिल्या रांगेत बसून मांडीवर बोटांनी चार मोजत होते. तिसरी ओळ संपली, धम्मपालने पुढची धरली आणि अख्खा बँड त्याच्याबरोबर उडाला. सोपानरावांचं चौथं बोट हवेतच राहिलं.

धम्मपालने ते पाहिलं आणि तिसरी ओळ पुन्हा घेतली.