चौकटी आणि बाण

आई गेल्यानंतर श्रीदेवी बेंगळुरूला कामावर परतली. तिला रडू आलं नव्हतं. कुणी आईचं विचारलं तर ती फक्त मान हलवायची.

तिच्या कंपनीनं एक साधन बनवलं होतं. कोड लिहिण्याऐवजी पडद्यावर चौकटी मांडायच्या, बाणांनी जोडायच्या, की प्रोग्राम तयार. चौकटींवरची चिन्हं श्रीदेवीनंच काही वर्षं खपून ठरवली होती. पण डेव्हलपर ते साधन वापरून लगेच सोडून द्यायचे. बिदरच्या नौबादमध्ये एक लहान कंपनी ते वापरून बघत होती. औरादचं तिचं घर तिथून जवळ, म्हणून साहेबांनी कारण शोधायला तिलाच धाडलं. साल दोन हजार अकरा.

हुलसूरची विजयश्री तिथं दूध डेअरीचा प्रोग्राम मांडत होती. श्रीदेवी शेजारी बसली. मदत करायची नाही, नुसतं बघायचं, असं ठरलेलं. चिन्हांच्या गर्दीत सगळ्या चौकटी एकसारख्या दिसत होत्या, हवी ती सापडत नव्हती. मग लाल ओळ उमटली: मांडणीत चूक आहे. कुठं, ते सांगितलं नव्हतं. विजयश्रीनं एकेक बाण काढला, पुन्हा जोडला. लाल ओळ हलली नाही. बऱ्याच वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "अक्का, माझंच डोकं चालंना झालंय का?"

"न्हाई गं," श्रीदेवी ठरलेलं मोडून बोलली. "आम्हीच नीट केलं न्हाई."

रात्री औरादला वडिलांनी, धुळाप्पांनी, तिला वाढलं. मग तेही शेजारी जेवायला बसले.

परतल्यावर तिनं साहेबांना सांगितलं: निम्म्याहून जास्त चिन्हं काढा, चूक त्याच चौकटीवर दाखवा आणि हवं तिथं हातानं कोड लिहू द्या. स्वतःचंच काम पुसायचं, वाईट नाही वाटत का, असं त्यांनी विचारलं. तिनं मनात चाचपून पाहिलं. काहीच लागलं नाही.

दिवाळीनंतर विजयश्रीचा फोन आला. नवं साधन आता सगळेच वापरायलेत, डेअरीचं काम चालू झालंय, असं ती सांगत होती. मग म्हणाली, "अक्का, औरादला आलात की आईला घेऊन घरी या."

श्रीदेवी जिन्यात उभी होती. आई गेल्याचं अजून तिनं कुणालाच तोंडानं सांगितलं नव्हतं.

"आई गेली गं माझी," ती म्हणाली, आणि पायरीवर खाली बसली. पलीकडून विजयश्रीनं फोन ठेवला नाही. श्रीदेवी रडत राहिली.