उंदरांना आधी पाजतात

झाकणाचं रबर गेलेला थर्मास.

रक्ततपासणीत लायपेज दोन हजार नऊशे, म्हणजे स्वादुपिंडाला सूज.

आठ पांढरे उंदीर, शेपटीवर निळ्या पेनाच्या रेघा.

‘नाशिकच्या लेकीने शोधलं स्वादुपिंडाच्या सुजेवर औषध!’

पलंगाला टांगलेला पुठ्ठा : तोंडाने काहीही देऊ नये. पाणीसुद्धा.

पलंगावर माझे पप्पा, भिकन. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले. शनिवारी सकाळी त्यांच्या पोटात कळ उठली, पार पाठीपर्यंत गेली. या हॉस्पिटलात ते सोमवारी संध्याकाळी पोचले. मधले अडीच दिवस मी पुण्यात होते, परिषदेला, आणि ते घरी घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या, मुळांचा काढा पीत होते.

“मला फोन का नाही केला?”

“कशाला? तुझंच तर औषध,” सुलाआत्या म्हणाली. पप्पांची थोरली बहीण, घोटीहून गेल्या आठवड्यात घरी राहायला आलेली. थर्मास तिच्याच हातात. “पेपरात फोटो हाय तुझा, चैते. लॅमिनेशन करून भितीला लावलाय त्यानं.”

“आत्या, ते उंदरांवर केलं होतं.”

“मग? उंदराला पोट नसतं?”

शेजारच्या पलंगावरचा माणूस हसला. सलाईनचा स्टँड त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

बातमीत नसलेले शब्द : उंदीर. कदाचित. आधी.

सगळ्यात महाग ‘आधी’. घेटुळीच्या मुळातून काढलेला एक घटक आम्ही उंदरांना सात दिवस पाजला, त्यानंतर इंजेक्शनं देऊन स्वादुपिंडाला सूज आणली. ती जरा कमी आली. जरा! आजार कोणत्या तारखेला येणार हे आम्हाला माहीत होतं, आम्हीच आणणार होतो ना. सूज आल्यानंतर औषध दिलेला उंदीर आमच्याकडे नव्हता. एकही नव्हता. आणि मुळं उकळून तर आम्ही कुणालाच पाजली नव्हती.

मी थर्मास हिसकावला आणि बेसिनमध्ये ओतला.

“लय शिकली म्हणून हातचं ओतून देती व्हय गं?”

“तू पाजलंस त्यांना! उलट्या होत होत्या तरी पाजलंस!”

“मी नाय पाजलं.” आत्या एकदम रडायलाच लागली. “मी म्हणत व्हते रिक्षा बोलाव. त्योच ऐकंना. मुळं बी त्यानंच उपटून आणली, कॉलनीच्या मैदानातून.”

पप्पांनी डोळे उघडले. ओठ फुटलेले.

“घरचं असताना बाहेरचं कशाला,” ते म्हणाले आणि थर्मासकडे हात केला. तो रिकामा दिसल्यावर माझ्यावर चिडले. “ओतलंस? स्वतःचं औषध?”

मी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. त्यांनी मान फिरवली.

लघवी कमी होत चालली आहे, डॉक्टर म्हणाले. उद्यापर्यंत वाढली नाही तर डायलिसिस. त्यापुढचं आज सांगता येणार नाही. शनिवारीच आणलं असतं तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी जिन्यात गेले. त्या बातमीदाराचा नंबर काढला. शिव्या जिभेवर होत्या, आईबहिणीवरून. रिंग वाजली. “हां मॅडम, बोला ना,” तो आनंदाने म्हणाला.

मी फोन कापला.

एकवीस मार्चला दुपारी, पान छापायला जाण्यापूर्वी, त्याने ती बातमी मथळ्यासकट मला फोनवर वाचून दाखवली होती, आणि मी “छान आहे” म्हणाले होते.