सुपातला दाणा

"बाबा, तुम्ही चुकताय, आणि चुकताय हे तुम्हाला ठाऊक आहे."

सिद्धार्थने अंतराचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा. फार वर्षांपूर्वी, दुबई मरीनातल्या एका ऑफिसात, पार्टिशनच्या पलीकडून. अमेरिकेतल्या वडिलांशी ती फोनवर भांडत होती. आवाज तापल्या तव्यासारखा. शब्द पडला की चर्र. मध्येच हसू. मुलीचा चेहरा दिसण्याआधीच तो त्या आवाजाच्या प्रेमात पडला.

पुढे लग्न झालं, दुबईतच अल मनखूल भागात घर झालं, मुग्धा झाली. तो आवाज मात्र सिद्धार्थच्या वाट्याला कधी आला नाही. त्याच्याशी अंतरा मऊ बोले. "चालेल." "तू म्हणशील तसं." मऊ भाताबद्दल कुणी तक्रार करतं का? म्हणून त्यानेही केली नाही.

आता तिचे वडील अण्णासाहेब पेनसिल्व्हेनियाहून राहायला आले होते, आणि रोज सकाळी नाश्त्याबरोबर अमेरिका वाढली जाई. तरुणपणी तिकडे गेलेले अण्णासाहेब रिपब्लिकनांचे, तिथेच जन्मलेली अंतरा डेमोक्रॅटांची. तिकडे अण्णासाहेबांच्या गावी शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तकं काढायची की ठेवायची, यावर वाद पेटला होता. नोव्हेंबरात शाळा मंडळाची निवडणूक त्यावरच होणार होती.

"पोरांनी काय वाचायचं ते आईबापांनी ठरवायचं," अण्णासाहेब म्हणाले. "घर, शिस्त, देव. आपलीच मूल्यं आहेत गं ही. ते लोक फक्त इंग्रजीत बोलतात."

"आईशी जातीबाहेर लग्न केलंत तेव्हा कुठे होती मूल्यं? माळ्यावर?"

"एकदा मोडून बघितली, म्हणून किंमत कळली."

"म्हणजे मोडायची तुम्ही आणि सांभाळायची आम्ही. वा, बाबा."

"तुझ्या त्या लोकांना उद्या सूर्यही जुनाट वाटेल. रोज पूर्वेलाच उगवतो म्हणून."

अंतरा खो खो हसली. हसता हसता तिने वडिलांच्या बशीत आणखी पोहे वाढले, वर ओलं खोबरं भुरभुरलं, आणि पुन्हा कंबर कसली.

सिद्धार्थच्या बशीत खोबरं नव्हतं. एरवी हे त्याच्या ध्यानातही आलं नसतं.

"जावईबापू, तुम्ही सांगा. कोण बरोबर?"

"दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे."

"तुम्हाला यूएनमध्ये पाठवायला हवं," अण्णासाहेब म्हणाले आणि लेकीकडे वळले.

वर्षानुवर्षं व्हिसावर राहिलेला माणूस आपलं मत घडी करून ठेवायला शिकतो. पाहुण्याने काय, जेवण उत्तम झालंय म्हणावं. लिफ्टमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या बदरुद्दीनच्या दुकानात कुणी राजकारण काढलं, की 'इन्शाल्ला, सब ठीक होगा' म्हणायचं आणि दही घेऊन निघायचं. सिद्धार्थ घरात शिरताना चपला बाहेर काढी. ही सवय तेवढी पायात तशीच आत येई.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणे. या घरात उलटंच चाललं होतं. जात्यातले दोघं भरडत, घरघरत, हसत होते, आणि सुपातला दाणा एकटा झुरत होता. त्याच्या गावाकडे बायका दळताना म्हणत,

हेवा करू नये बाई, हेवा बाभळीचा काटा
रुते ज्याच्या पायी त्याला, लांब होती साऱ्या वाटा.

आणि हेवा तरी कुणाचा? कानात मशीन लावणाऱ्या, पोह्यांतल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला मांडणाऱ्या म्हाताऱ्याचा. एखादा देखणा परपुरुष असता तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं.

जगातल्या एकाच गोष्टीवर त्या बापलेकीचं एकमत झालं, आणि तीच सिद्धार्थच्या मुळावर आली. अंतराने मुग्धाला घेऊन वडिलांकडे जायचं. निवडणुकीचं काम करायचं, मुग्धाला तिथल्याच शाळेत घालायचं. एक वर्ष बघायचं, जमलं तर तिथेच राहायचं.

"माझ्या पक्षाविरुद्ध प्रचार करायला माझ्याच घरी उतरणार," अण्णासाहेब कौतुकाने म्हणाले होते. "येऊ दे. वरची खोली रिकामीच आहे."

"तुमची मर्जी," एवढंच सिद्धार्थ तेव्हा म्हणाला होता.

शनिवारी सकाळी अंतरा फोनवर तिकिटं काढायला बसली. मुग्धा तिच्या खांद्यावरून डोकावत होती.

"पप्पा, आर यू कमिंग टू?"

"पप्पांचं ऑफिस आहे ना, बाळा," अंतरा म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, त्याच मऊ आवाजात, "करू ना रे बुक?"

सिद्धार्थने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"नको करूस."

अंतराने वर पाहिलं. अण्णासाहेबांनी कानातलं मशीन चाचपलं.

"पुस्तकांचं म्हणाल, अण्णासाहेब, तर मला तुमचं पटत नाही. पोरांना वाचू द्यावं. पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. पण तुझं हे जाणं, अंतरा, ते तर मला मुळीच पटलेलं नाही. त्यांच्या एका शब्दासाठी तू सकाळभर जीव तोडून भांडतेस, आणि माझ्यापासून लेक घेऊन जाताना नुसतं 'करू ना' विचारतेस. मी काय ट्रॅव्हल एजंट आहे?" त्याचा आवाज चिरकला, तरी तो थांबला नाही. "मला यांचा हेवा वाटतो. रोज वाटतो. तुम्ही दोघी जाऊ नका. मला नाही चालणार."