पाळणाघरातला पुरुष

वेंडेलने दोन वर्षांच्या टेसाला टेबलावर आडवं करून डायपरची चिकटपट्टी सोडवली, तेवढ्यात तिचा बाप ट्रॉय बर्फाने भरलेल्या बुटांनिशी आत घुसला.

"हात बाजूला घे."

"ओली झालीये ती. एक मिनिट..."

"हात बाजूला घे म्हणतोय ना! अख्ख्या डुलुथ शहरात दुसरं काम मिळालं नाही तुला? गोदीवर माणसं हवीयेत. धडधाकट गडी, आणि पोरींची ढुंगणं पुसतोस?"

टेसाने रडत वेंडेलची बाही धरली. ट्रॉयने तिची बोटं सोडवली आणि तिला तशीच अर्धी उघडी उचलली.

संचालिका लोर्ना धावत आली. तिने माफी मागितली ती ट्रॉयची. त्याला दारापर्यंत पोचवून परतली, आणि वेंडेलकडे न बघताच म्हणाली, "उद्यापासून डायपर बायकाच बदलतील. तू मैदान सांभाळ."

"इतकी वर्षं झाली, लोर्ना. माझ्याविरुद्ध एक तरी तक्रार आहे?"

"नाहीये. पण चार आईबापांनी पोरं काढून नेली तर मला हा वर्ग बंद करावा लागेल. तू इथे एकटाच पुरुष. तुझ्यापायी किती जणांशी भांडू?"

त्याने टेबल पुसलं. कोरडं झाल्यावरही पुसत राहिला.

संध्याकाळी तो आपल्या मुलीला आणायला गेला. बायको नर्स होती, तिच्या हॉस्पिटलच्या पाळणाघरात नोराला जागा मिळाली होती. रोज दारात मार्सी नावाची बाई असायची. आज एक दाढीवाला तरुण नोराला कडेवर घेऊन आला.

"मी डेस्मंड, नवीन लागलोय. हिला थोडं पुरळ आलंय. डायपर आत्ताच बदललाय, मलमही लावलंय."

"बरं," वेंडेल म्हणाला. आणखी काही त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण त्याने नोराला जरा ओढूनच घेतलं.

गाडीच्या मागच्या सीटवर त्याने तिला आडवं केलं, स्वतः आत बसून दार ओढून घेतलं. गरम कपड्यांची चेन उघडली, डायपर सोडला, दिवा लावला आणि वाकून नीट पाहिलं. मलम पातळ, व्यवस्थित लावलेलं होतं. नोरा हसत पाय झाडत होती.

काचेपलीकडे सावली हलली. डेस्मंड उभा होता. अंगात कोट नाही, हातात नोराची विसरलेली टोपी. त्याने सीटकडे पाहिलं, मग वेंडेलकडे.

टोपी गाडीच्या टपावर ठेवून तो वळला.

"मीसुद्धा हेच काम करतो," वेंडेल म्हणाला.

काच बंद होती.