बिनबर्फाचा डबा

मी लसीचा निळा डबा बोलतोय. झाकणावर हात ठेवून सांगतो, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलणं माझ्या रक्तातच नाही. आता मला रक्तच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि एक जागा थोडी फुगवली आहे. ती शेवटी दाखवीन.

राजूरकडच्या डोंगरात छगनआप्पांच्या खांद्यावरून मी वीस वर्षं पोलिओचे डोस वाहिले. आप्पा आरोग्य केंद्रात शिपाई. पोटात बर्फ, डोक्यावर ऊन आणि मला बघून धूम ठोकणारी पोरं. काय रुबाब होता! आप्पा निवृत्त झाले तेव्हा मलाही भंगारात काढलं. त्यांनी मला नेवाशाला घरी आणलं. तिथे माझ्यावर कोंबडी बसायची.

मग आप्पांची लेक सुकन्या नगरला पीएचडी करू लागली. विषय ऐका. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, जखम झाली की भोक बुजवतात. पांढऱ्या पेशी पहारा करतात. दोघी कामसू. पण हृदयविकारात त्या कामधंदा सोडून एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रक्तवाहिनीतच ठाण मांडतात. आधी कोण कुणाला मिठी मारतं, हे शोधण्यात सुकन्याची पाच वर्षं गेली. आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

नमुने आणायला कॉलेजचा डबा हवा तर तीन सह्या लागत. मी फुकट होतो. सुकन्याची अट एकच: "आप्पा, यात बर्फ टाकायचा नाही हां." पैलवानाला सांगावं की आखाड्यात या, पण नुसते बसा.

शेवटचा नमुना राहिला लंकाबाईचा. सहा महिन्यांपूर्वी तिला हार्ट अटॅक आला तेव्हा एकदा रक्त घेतलं होतं. आता दुसऱ्यांदा हवं होतं. ते मिळालं नाही तर पहिलंही वाया आणि प्रबंध अडकलेला. लंकाबाई तर त्याच संध्याकाळी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोपरगावला निघालेली. डॉक्टरांनी जड काम नको म्हटलं होतं, म्हणून ती ऊस तोडणार नव्हती, नुसत्या मोळ्या बांधणार होती.

"घे," हात पुढे करत ती म्हणाली, "पन ह्ये शेवटचं. परत आलीस तर चहाबी मिळायचा न्हाई."

रक्ताच्या नळ्या माझ्यात ठेवून सुकन्या चहाला आत गेली. इकडे आप्पांनी समोरच्या रसवंतीवरून पिशवीभर बर्फ आणला आणि हळूच माझ्या पोटात सारला. वीस वर्षांची सवय. मीही गप्प राहिलो. जीव सुखावला होता.

मोटारसायकलवर मला मांडीवर घेऊन बसलेली सुकन्या खुशीत होती. बापाला समजावत होती की थंडी लागली की बिंबिका खवळतात, आपसांत चिकटतात, मग नमुना फेकूनच द्यावा लागतो. गाडी एकदम हळू झाली.

"काय झालं, आप्पा?"

"काय न्हाई. खड्डा."

रस्ता गुळगुळीत होता.

आप्पांनी मनात कानिफनाथाला नारळ बोलला. मी म्हटलं, देव येईतोवर आपणच बघावं. पुढच्या गतिरोधकावर मी असा उसळलो की झाकण उघडलं, बर्फाची पिशवी रस्त्यावर थुंकली आणि झाकण पुन्हा लावून घेतलं. नळ्यांना धक्का नाही. मागच्या ट्रकवाल्यानं हात जोडले.

प्रयोगशाळेत सुकन्यानं झाकण उघडून नळ्या बाहेर काढल्या. आप्पा दाराशी डोळे मिटून उभे.

"नमुना झकास आलाय," ती म्हणाली.

आप्पांनी आत पाहिलं. मग मला उलटं करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी मढीला जाऊन कानिफनाथापुढे नारळ फोडून आले.

लंकाबाईच्या पेशींची मिठी सैल झाली होती म्हणे. सुकन्याचा प्रबंध सादर झाला.

आता मी कॉलेजच्या कपाटावर असतो. अंगावर चिठ्ठी: 'बर्फ ठेवू नये.' कधी आलात तर चिठ्ठीकडे काणाडोळा करा आणि बर्फाचे दोन खडे टाकून जा. मी कुणाला सांगत नाही.

राहिली ती फुगवलेली जागा. मी उसळलो वगैरे काही नाही. मला उसळता आलं असतं तर कोंबडी वर्षभर बसली असती का? झालं असं, आप्पा मला दारात ठेवून गाडी वळवायला गेले, तेवढ्यात लंकाबाई सुईची जागा चोळत बाहेर आली. तिनं झाकण उचललं, पिशवी काढली, हातावर धरली. "रगत नेलं, बरफ तरी ठिवा," असं पुटपुटत एक खडा तोंडात टाकला आणि झाकण लावून टोळीच्या ट्रककडे चालू लागली.

माझा बर्फ सुकन्याचा चहा संपेपर्यंतही टिकला नाही. जीव सुखावला होता, तेवढं मात्र खरं.