धुक्यातली हजेरी

हा ट्रेक खरं तर बाबांचा होता. ते शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या वर्गातल्या कपाटावर प्लास्टरचा एक ज्वालामुखी होता, उभा अर्धा कापलेला, आतले थर वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले. तीस वर्षं त्यांनी तो मुलांना दाखवला; खरा कधी पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही पाच दिवसांची वाट शोधून काढली. थंड झालेल्या लाव्हाच्या पठारावरून गाइडबरोबर चालायचं आणि रोज एका निवाऱ्यातून पुढच्या निवाऱ्यात मुक्कामाला जायचं. बुकिंग दोघांचं होतं, त्यांचं आणि माझं. निघायला सात आठवडे असताना ते गेले. बुकिंग रद्द करायचा फॉर्म मी तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. शेवटी त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, म्हणाली, "दादाचे बूट दोन मोज्यांवर मला होतात. मी येते."

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पहिल्या दिवशी गाइडबाईंनी आम्हाला नंबर वाटले तेव्हा ती खूश झाली. "आयुष्यभर लोकांना नंबर जोडून दिले. आज पहिल्यांदा मलाच मिळाला."

नंबर धुक्यासाठी होते. पठारावर धुकं उतरलं की स्वतःचे बूट दिसत नाहीत, असं गाइडबाईंनी सांगितलं. वाट म्हणजे लाल टोकांचे खांब, एकमेकांपासून तीस पावलांवर, प्रत्येकावर आकडा कोरलेला. दर दहाव्या खांबाशी त्या थांबून "हजेरी!" असं ओरडणार आणि प्रत्येकाने आपला नंबर ओळीने मोठ्याने सांगायचा. एक नंबर एक निवृत्त पोस्टमास्तर होते. दोन आत्या, तीन मी. चार आणि पाच हे दातांचे डॉक्टर नवरा-बायको. ते दिवसभर कुजबुजत भांडायचे आणि निवाऱ्यात पोचल्यावर एकाच ताटात जेवायचे.

"आणि गरम जमिनीवर बसायचं नाही," गाइडबाई म्हणाल्या. "थंडीत फार मोह होतो. पण जिथे जमीन गरम आहे तिथे ती पोकळ आहे. वर पापुद्रा, खाली वाफ."

"म्हणजे गरम जागा सोडून गारठ्यात कुडकुडायचं," आत्या म्हणाली. "आमच्या सासूबाईंचाही हाच नियम होता."

पोस्टमास्तर हसले. त्यांचं आणि आत्याचं पहिल्या तासातच जमलं होतं. तुमच्या फोनने आमची पत्रं खाल्ली, असं ते म्हणायचे. तुमची पत्रं पोचत नव्हती म्हणून तर लोक फोन करायचे, असं ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. हळूहळू उतरलं असंही नाही. एकोणिसाव्या खांबाशी डोंगर होते आणि विसाव्या खांबाशी नव्हते. गाइडबाईंनी निवाऱ्यातून आणलेले पिवळे रेनकोट सगळ्यांना घालायला लावले. ते सगळे एकाच मापाचे होते आणि सगळ्यांच्या गुडघ्यांखाली येत होते. मग आम्ही निघालो. डावीकडे कुठेतरी वाफ सुसाट सुटत होती, स्वयंपाकघरातल्या कुकरसारखी, फक्त ती थांबत नव्हती. गंधकाचा वास घशात चढत होता. पायाखालचा दगड कुठे टणक वाजे आणि कुठे पत्र्याच्या डब्यासारखा. मी खाली बघायचं सोडलं आणि पुढच्या पिवळ्या रेनकोटावर नजर धरून चालू लागले.

चाळिसाव्या खांबाशी आत्याचा आवाज बसला. गाइडबाई "हजेरी!" म्हणाल्या, पोस्टमास्तर "एक!" म्हणाले, आणि आत्याच्या तोंडून नुसती हवा आली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, गळ्यावर हात ठेवला आणि डोळे मोठे केले.

"दोन!" मी ओरडले. आणि लगेच, "तीन!"

"शाब्बास," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तूच जोड आता माझे कॉल."

गाइडबाईंना हे सांगावं असं मला सुचलंसुद्धा नाही. आमच्या घरातल्या बायकांचे आवाज सारखेच. फोनवर लोक हमखास फसायचे. शिवाय दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणं ही माझी सवयच आहे. हॉस्पिटलमध्ये नर्स रोज सकाळ-संध्याकाळ बाबांना विचारायची, "काका, दुखणं एक ते दहामध्ये किती?" बाबा विचार करायचे. त्यांना कोणत्याही प्रश्नाचं नीट उत्तर द्यायची खोड होती, त्यामुळे वेळ लागायचा. नर्सच्या हातात ट्रे असायचा, तिला पुढे आणखी बारा खाटा असायच्या. मग मीच सांगायचे, "दोन. फार तर तीन." बाबा माझ्याकडे बघायचे आणि मान डोलवायचे. नर्स लिहून घ्यायची.

सत्तराव्या खांबाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. आत्याने बिस्किटाचा कागद माझ्या खिशात कोंबला आणि काठीला टेकून गुडघा चोळला. "बूट दादाचे, गुडघे माझे," ती पुटपुटली. "उलट असतं तर बरं झालं असतं." पुन्हा निघालो. ऐंशी, नव्वद, शंभर. प्रत्येक हजेरीला मी आधी दोन म्हणाले आणि मग तीन. शंभराव्या खांबाशी तर मी "दोन" जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, तिची नक्कल म्हणून. ती हसेल असं वाटलं होतं.

एकशे दहाव्या खांबाशी हजेरी झाल्यावर मी चार पावलं पुढे गेले, रेनकोटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आत्या, पाणी हवंय?"

रेनकोट वळला. आत पोस्टमास्तर होते.

"त्या तुमच्या मागे आहेत ना?" ते म्हणाले. "आता तर बोलल्या."

मी मागे पाहिलं. मागे डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्या मागे त्यांचे यजमान, आणि त्यांच्या मागे सगळं पांढरं होतं.

पोस्टमास्तरांनी गाइडबाईंना हाक मारली. त्या खांब चाचपत आल्या. "दोन नंबर कुठे आहेत?"

"ठाऊक नाही."

"आता हजेरी दिली त्यांनी. मी ऐकली."

"मी दिली," मी म्हणाले. "त्यांचा घसा बसलाय. त्यांच्या वतीने मी देत होते."

गाइडबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"चाळीसपासून."

"आणि तुम्ही त्यांना डोळ्यांनी शेवटचं कधी पाहिलं? रेनकोट नाही. त्यांना."

मी खिशातला बिस्किटाचा कागद मुठीत धरला. "सत्तरला."

सत्तर ते एकशे दहा. चाळीस खांब, बाराशे पावलं, आणि दोन्ही बाजूंना ते डब्यासारखं वाजणारं पठार. मी चार वेळा ओरडून सांगितलं होतं की ती आहे. ती नव्हती तेव्हाही मी सांगितलं होतं.

गाइडबाईंनी पाठीवरचा दोर काढला आणि आम्हा सगळ्यांना कमरेशी बांधून घेतलं. "मागे जायचं. प्रत्येक खांबाशी हजेरी. एक म्हटलं की मी मनात वीस आकडे मोजणार. तेवढ्या वेळात कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही. घसा नसला तरी माणूस काहीतरी वाजवेल." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही दोन म्हणायचं नाही. काही झालं तरी."

एकशे नऊ. "एक!" पोस्टमास्तर ओरडले.

त्या वीस आकड्यांइतकं लांब मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. वाफेचा सुसाट आवाज, रेनकोटावरून ओघळणारं पाणी, डॉक्टरीणबाईंचा श्वास. माझी जीभ टाळूला लागली होती, शब्द तयार होता. तो म्हटला असता तर निदान ती पोकळी भरली असती. मी दात आवळून धरले.

"तीन," मी म्हणाले, वेळ संपल्यावर.

एकशे आठ. एकशे सात. शंभराच्या अलीकडे आल्यावर मी घाईने चालायला लागले, आणि डॉक्टर मागून म्हणाले, "दोर ताणू नका हो, मी पडेन." त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." हे भांडण ऐकून मला एवढं बरं वाटलं की रडू येईल असं वाटलं. मग पुन्हा "एक!" आणि पुन्हा शांतता. प्रत्येक शांततेत मला वाटायचं की आता ऐकू येईल, आणि प्रत्येक शांततेच्या शेवटी मला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, तीन. सत्त्याण्णव. शहाण्णव. एका खांबाशी तर मला "दोन" ऐकू आलं, अगदी स्पष्ट, पण ते बाबांच्या आवाजात होतं, आणि मी कोणाला काही सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या खांबाशी पोस्टमास्तर "एक!" म्हणाले, आणि उजवीकडून आलं, टक. टक.

कोणी हललं नाही.

"पुन्हा," गाइडबाई कुजबुजल्या.

"एक!"

टक, टक. काठीचं टोक दगडावर. दोन ठोके, मग काही नाही.

"तार आली," पोस्टमास्तर म्हणाले.

गाइडबाईंनी आम्हाला खांबाभोवती बसवलं आणि दोराचं दुसरं टोक घेऊन पोटावर सरपटत धुक्यात गेल्या. आधी त्यांचे बूट दिसेनासे झाले, मग दोरच फक्त हलत राहिला. आत्याला हाक मारायची मनाई होती. हाक ऐकून ती उठायचा प्रयत्न करेल आणि वजन एका जागी येईल. म्हणून आम्ही दोर धरून गप्प बसलो. दोर सरकायचा, थांबायचा. एकदा काहीतरी मोडल्याचा आवाज आला, वाळक्या पापडासारखा, आणि दोर एकदम ताठ झाला. डॉक्टरांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि आम्ही सगळ्यांनी मागे ओढलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग धुक्यातून पिवळं काहीतरी सरपटत आलं, आणि त्याच्या मागे आणखी एक पिवळं.

आत्याचा डावा पाय नडगीपर्यंत राखेने माखला होता. बुटाचा तळ वितळून वाकडा झाला होता. गुडघा दुखला म्हणून धुक्याच्या दाट लोटात वाटेच्या बाजूला सरकून दोन मिनिटं टेकली, असं तिने नंतर सांगितलं. दगड छान कोमट होता, कंबर शेकत होती. आम्ही लांब गेल्याचं तिला कळलंच नाही, कारण हजेरीत तिचा नंबर नीट ऐकू येत होता. उठायला गेली आणि पाय आत गेला. ओढून काढला, तेव्हा लक्षात आलं की आता हलायचं नाही.

"तू ओरडत होतीस, दोन, दोन," ती माझ्या कानाशी म्हणाली. तिच्या आवाजात अजून हवाच जास्त होती. "मी इथे बसून ऐकत होते. म्हटलं, मी तर तिथे पोचलेय की."

ती हे विनोद म्हणून सांगत होती. मी तिचा हात धरला आणि निवारा येईपर्यंत सोडला नाही. उरलेल्या हजेऱ्यांना "एक"नंतर तिच्या काठीचे दोन ठोके यायचे. गाइडबाई प्रत्येक वेळी ते ऐकून घ्यायच्या, मगच मी बोलायचे.

निवाऱ्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिथली रखवालदारीण जाडजूड, हाताने चपळ बाई होती. तिने आत्याला बाकावर बसवलं, बाबांचा बूट कापून काढला आणि पाय गार पाण्याच्या घमेल्यात ठेवला. घोट्याभोवतीची कातडी लाल होऊन फुगली होती. मी आत्याच्या शेजारी बसले. खिडकीबाहेर अजूनही काही दिसत नव्हतं, आणि आणखी दोन दिवसांची वाट त्या पांढऱ्यातूनच जाणार होती की इथूनच खाली उतरायचं, हे कोणी बोलत नव्हतं.

रखवालदारणीने भिंतीवरची वही काढली, पेन्सिल घेतली. "मला लिहावं लागतं," ती म्हणाली. "दुखणं एक ते दहामध्ये किती?"

आत्याने घशाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. सवयीने. बाबा बघायचे तसं. आणि मला त्या क्षणी समजलं की ते मान डोलवायचे ते हो म्हणून नव्हे. मी थकले आहे, हे त्यांना दिसायचं, म्हणून.

माझ्या तोंडात आकडा तयार होता. मी तो गिळला. रखवालदारीण पेन्सिल धरून थांबली. घमेल्यातलं पाणी हललं. मी मनात मोजू लागले, एक, दोन, तीन, आणि तेरापर्यंत गेले असेन.

"आठ," आत्या म्हणाली. आणि मग, श्वास घेऊन, "नाही. नऊ लिही."