भंगाराच्या डब्यातलं बोट

मी बोट बोलतोय. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. माणसांना माझ्यावाचून घटकाभर चालत नाही, बोलतानासुद्धा. नवल वाटलं की मला तोंडात घालतात, दोष द्यायचा तर मला पुढे करतात. कापड मोजायचं तर चार बोटं, आणि भली माणसं किती, तर म्हणे बोटांवर मोजण्याइतकी. हा हिशेब मी आज करून पाहिला. तेवढीही भरत नाहीत.

जिच्या हाताला मी होतो तिला घरात धाकटी म्हणतात. थोरल्या बहिणीनं तिला अक्षरं शिकवली ती मला धरून, धुळीत गिरवून. पुढे दोघी एकाच कारखान्यात लागल्या. पत्र्याच्या पट्टीतून बिजागऱ्या कापायच्या. प्रेसला दोन हिरवी बटणं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेर आणि आम्ही दहाही जण सुखरूप. हे ज्यानं बनवलं, त्याला बोटांची कदर होती.

मुकादमाला नव्हती. "दोन्ही हात बटणांवर ठेवून काय फोटो काढून घेतेस? पाचर मार, पाचर!"

म्हणजे उजवं बटण लाकडाच्या पाचरीनं दाबून ठेवायचं, डाव्या हातानं दुसरं दाबत राहायचं आणि उजव्यानं पट्टी सारायची. माल दुप्पट. पहिल्या दिवशी धाकटी बिचकली, तेव्हा थोरलीनंच पाचर ठोकून दिली. "सगळ्याच मारतात गं. दोन दिवस भीती वाटते, मग हात बसतो."

हात बसला, तोच घात झाला. आज सकाळी आठला पट्टी अडकली. धाकटीनं मला आत घालून ती सरकवली, आणि डावा हात सवयीनं बटणावर पडला.

मालकाची गाडी लगेच आली, नाही म्हणायला नको. "आधी सीटवर गोणपाट टाका," मुकादम ओरडला. गाडी गेली. मी मात्र पत्र्याच्या कातरणांबरोबर प्रेसखालच्या डब्यात पडलो होतो.

दवाखान्यातून फोन आला. मुकादमानं हात तेलकट म्हणून फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "बोट शोधा. स्वच्छ पिशवीत घाला, पिशवी बर्फात ठेवा. लवकर आणलंत तर जोडता येईल." मुकादम "हो हो" म्हणाला आणि आधी ती पाचर काढून खिशात घातली.

"मुकादम, पंधरा मिनिटं द्या हो," थोरली म्हणाली. "डबा उपसते. माझी बहीण आहे."

"डबा उपसायचा तर प्रेस बंद ठेवावी लागेल. आज मालाची गाडी भरायचीय. नऊ उरलीत की तिला! बहीण आहे ना? मग तिचं काम तू ओढ. बस तिथं. नाही तर दोघींनी घरी बसा."

कुणीतरी हसलं. थोरली बसली. मुकादमानं खिशातली पाचर काढून तिच्या पुढ्यात टाकली. तिनं ती मारली.

मग ठोकळा खाली येऊ लागला आणि कातरणं माझ्यावर पडू लागली, गरम, तेलकट, धारदार. एकदा ती वाकली. तिनं मला पाहिलं. नखावरचा तो पांढरा ठिपकाही तिच्या ओळखीचा. तिचा हात डब्याकडे आला.

"ए, डब्यात हात घालू नकोस," मागून मुकादम. "अपघात होईल."

हात मागे गेला. मग पुन्हा कातरणं. दुपारी फोन वाजला. "सापडत नाही हो डॉक्टर. उंदरानं नेलं असेल," मुकादम म्हणाला. थोरलीच्या पट्टीचा वेग तेवढा वाढला.

संध्याकाळी सहाला भोंगा झाला, आणि मुकादम उदार झाला. "शोध आता. हवं तेवढं शोध."

तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि पहिल्याच मुठीत मला काढलं.

आता मी दवाखान्यात एका स्टीलच्या तसराळ्यात आहे. काळा पडलोय. डॉक्टरांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. थोड्या वेळानं मला फेकतील. माझ्यासाठी काही मागत नाही. पण वाचणाऱ्यांनो, तुम्हाला दहा आहेत. उद्या सातला ती प्रेस पुन्हा सुरू होईल. त्याआधी कुणीतरी जा आणि ती पाचर काढा. विचार करत बसू नका, जा!

पलीकडे खाटेवर धाकटी विचारतेय, "ताई, कुठे सापडलं गं?"

"डब्यात. सकाळपासून शोधत होते."

"आणि काम?"

"काम गेलं खड्ड्यात."

धाकटीनं डाव्या हातानं तिचे तेलकट हात ओढून घेतले. दिवसभर पट्ट्या सारून कापलेल्या तळव्यांवर फुंकर घालत ती म्हणाली, "माझ्यापायी किती लागलं गं तुला."